रानातून सीक्यू

आज पहिल्यांदाच हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, घेऊन अभयारण्यात बसलो आणि 'सीक्यू' (कुणी ऐकतंय का, अशी सर्वांना हाक) दिली. सेट, छोटी बॅटरी आणि २० मीटर बँडसाठी (साधारण २० मीटर लांबीच्या रेडिओलहरी) अँटेना म्हणून साधारण १० मीटर तार, एवढंच सामान. झाडाला काही बांधायचं नाही असं रक्षकाने आधीच बजावलं होतं, मग फायबरची घडीची काठी उभी केली. घरी सतत खरखरणारा बँड इथे इतका स्वच्छ, की ५ वॅटवरही समोरच्याने माझी कॉल साइन (रेडिओवरची ओळख) पहिल्या झटक्यात पकडली! चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांचा गोंगाटच नाही ना. उद्यानं-अभयारण्यांतून रेडिओवर बोलण्याचे हॅम लोकांचे उपक्रम आहेत: 'पार्क्स ऑन द एअर'मध्ये जागा मोजली जायला एका दिवसात १० संपर्क पुरतात, 'फ्लोरा अँड फॉना'ला ४४ लागतात. नवख्याने आधी १० गाठावेत. आणि हेडफोन न्याच, स्पीकरची किरकिर पाखरांना कशाला?