यूआरएलचा होस्ट पडताळताना: माझा अनुभव

यूआरएलचे, म्हणजे वेबपत्त्याचे, तुकडे करणं हे एक काम आणि तो यूआरएल विश्वासाचा आहे की नाही हे ठरवणं हे दुसरं. पहिलं काम कुठलीही लायब्ररी क्षणात करून देते. दुसऱ्यासाठी मला जे सोसावं लागलं त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं फीचर असं होतं. वापरकर्ता फॉर्ममध्ये लिंक टाकतो, आमचा सर्व्हर त्या पानावर जाऊन शीर्षक आणि चित्र उचलतो आणि लिंकखाली एक छोटं कार्ड दाखवतो. कोणकोणत्या साइटवर जायची परवानगी आहे याची यादी ठरलेली. म्हणजे आलेल्या पत्त्यातून स्कीम (सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’), होस्ट (साइटचं नाव), पोर्ट (त्या मशीनवरच्या दाराचा क्रमांक), पाथ (साइटवरच्या पानाची वाट), क्वेरी (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) वेगळं काढायचं, होस्ट यादीत बसतो का ते पाहायचं आणि मगच पान उघडायचं. बाकी सगळं भराभर उरकलं. अडलं ते होस्टवर. सुरक्षा तपासणीतून कोड परत यायचा आणि सोबत एकच वाक्य असायचं: ‘होस्टची पडताळणी अपुरी.’ कुठल्या ओळीत, कोणत्या इनपुटवर, काही नाही. विचारलं की उत्तराची वाट पाहत बसायचं.

हाती आलेला जुना कोड रेगेक्सचा, म्हणजे मजकूर साच्याशी जुळवून पाहणाऱ्या सूत्राचा, होता. स्क्रीनच्या बाहेर जाणारी एक ओळ, आणि ती कोणी कुठून आणली हे टीममध्ये कोणालाच माहीत नव्हतं. अशी ओळ दिसली तर ती दुरुस्त करत बसू नका, सरळ काढून टाका. रेगेक्सच्या बाजूने बोलणारे हमखास आरएफसी ३९८६ या इंटरनेट मानकाकडे बोट दाखवतात. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेलं हे मानक जानेवारी २००५ चं आहे, आणि त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात खरोखरच एक रेगेक्स दिलेलं आहे. पण ते आहे पत्त्याचे पाच भाग पाडायला: स्कीम, ऑथॉरिटी (होस्ट आणि त्याला जोडून येणारं नाव व पोर्ट), पाथ, क्वेरी आणि फ्रॅगमेंट (# नंतरचा भाग). ते जवळपास कुठल्याही स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला, जुळतं. रिकामी स्ट्रिंग दिली तरी जुळतं. त्याच्या जोरावर ‘पत्ता वैध आहे’ असं म्हणणाऱ्याने परिशिष्ट वाचलेलंच नसतं.

मी रेगेक्स काढून पायथन भाषेतल्या यूआरएलस्प्लिट या तयार फंक्शनवर आले. त्याच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की हे फंक्शन इनपुटची पडताळणी करत नाही. ‘आपली.कॉम/लेख’ असा स्कीम नसलेला पत्ता द्या, होस्ट रिकामा येतो आणि सगळं पाथमध्ये जाऊन बसतं. ‘लोकलहोस्ट:८०८०’ द्या, लोकलहोस्ट हीच स्कीम ठरते आणि ८०८० हा पाथ. दोन्ही वेळा एरर नाही. पोर्टचं तर आणखी वेगळं: पत्त्यात ९९९९९ लिहिलं तरी तुकडे शांतपणे होतात, आणि पुढे पोर्टची किंमत वाचायला गेलात की मगच व्हॅल्यूएरर येते, कारण पोर्ट ६५५३५ च्या वर असू शकत नाही. म्हणून तुम्हाला पोर्ट लागणार नसला तरी तो एकदा वाचून घ्या, आणि ती ओळही एरर पकडणाऱ्या ट्राय ब्लॉकच्या आत ठेवा.

एवढं करूनही कोड परत आला. वाक्य तेच. शेवटी मी लेखी मागणी केली की ज्या स्ट्रिंगवर आमची पडताळणी फसते ती स्ट्रिंग द्या, त्याशिवाय मी पुन्हा कोड पाठवणार नाही. बऱ्याच प्रतीक्षेनंतर ती आली. नावं बदलून इथे देते:

एचटीटीपीएस://लबाड.कॉम\@आपली.कॉम

‘आपली.कॉम’ यादीत आहे, ‘लबाड.कॉम’ नाही. आता हा पत्ता नक्की कोणाचा?

आरएफसी ३९८६ च्या अंगाने चालणारा पार्सर, म्हणजे पत्त्याचे तुकडे पाडणारा कोड, दोन स्लॅशनंतर पुढच्या स्लॅश, प्रश्नचिन्ह किंवा हॅशपर्यंतचा सगळा मजकूर ऑथॉरिटी समजतो. बॅकस्लॅशला तो थांबत नाही. मग ऑथॉरिटीमध्ये @ सापडला की त्याच्या आधीचं ते वापरकर्त्याचं नाव आणि नंतरचं तो होस्ट. पायथन हेच करतं आणि ‘आपली.कॉम’ असं उत्तर देतं. आमची तपासणी म्हणाली, यादीत आहे, जाऊ द्या.

पण पान उघडत होता हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता चालणारा, ब्राउझर, कारण हल्ली कित्येक पानांचं शीर्षक जावास्क्रिप्ट चालल्याशिवाय हाती लागत नाही. आणि ब्राउझर आरएफसी ३९८६ पाळत नाहीत, ते ब्राउझर बनवणाऱ्यांच्या डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या गटाचं यूआरएल मानक पाळतात. त्यात एचटीटीपी आणि एचटीटीपीएससारख्या खास स्कीमसाठी बॅकस्लॅश हा साध्या स्लॅशसारखाच धरायचा असा नियम आहे. त्यामुळे ब्राउझरच्या लेखी होस्ट संपतो तो बॅकस्लॅशपाशी. होस्ट झाला ‘लबाड.कॉम’ आणि ‘/@आपली.कॉम’ हा झाला पाथ. तपासला एक पत्ता, उघडला दुसराच. हीच स्ट्रिंग आमच्या अंतर्गत नेटवर्कमधल्या मशीनचं नाव घालून पाठवली असती तर सर्व्हरने तिथेही जाऊन पाहिलं असतं.

ही स्ट्रिंग पाहिल्यावर मला सगळ्यात जास्त राग आला तो ती इतके दिवस दडवून ठेवल्याचा. हा प्रकार गुपित नाही. ऑरेंज त्साय या सुरक्षा संशोधकाने २०१७ च्या ब्लॅक हॅट परिषदेत नेमकं हेच मांडलं होतं: तपासणारा पार्सर आणि विनंती पाठवणारा पार्सर एकाच पत्त्याचे वेगवेगळे अर्थ लावतात, आणि हल्लेखोर त्या फटीतून आत शिरतो. तपासणी करणाऱ्याला हे ठाऊक असेल तर त्याने पहिल्याच दिवशी ती एक ओळ पाठवावी. ‘अपुरी’ या शब्दावरून कोणालाही कोड दुरुस्त करता येत नाही. तुम्हीही अशा तपासणीत अडकला असाल तर चर्चा करत बसू नका, फसणारी स्ट्रिंग मागा. तीच खरी तक्रार असते.

उपाय मला दोन पातळ्यांवर करावा लागला. एक, तपासणीसाठीही डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजीच्या नियमांनी चालणारी लायब्ररी घेतली, म्हणजे तपासणारा आणि उघडणारा एकच भाषा बोलतील. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, वापरकर्त्याने दिलेली मूळ स्ट्रिंग तपासणीनंतर फेकून दिली. पार्स झालेल्या तुकड्यांपासून पत्ता नव्याने बांधायचा आणि ब्राउझरच्या हाती फक्त तो द्यायचा. मूळ स्ट्रिंग पुढे जिवंत राहिली की कोणीतरी, कधीतरी, ती वेगळ्या पार्सरला देतंच. शिवाय पत्त्यात बॅकस्लॅश, टॅब, नवी ओळ किंवा कुठलंही नियंत्रण चिन्ह दिसलं, किंवा @ च्या आधी नाव-पासवर्ड असलं, तर पार्स करण्याआधीच नकार. हे कडक वाटेल, पण सुरक्षेच्या बाबतीत दुरुस्त करून घेण्यापेक्षा नाकारणं बरं. ब्राउझरचं मानक टॅब आणि नवी ओळ गुपचूप गाळून टाकतं. म्हणजे मधे टॅब घातलेली ‘जावास्क्रिप्ट’ स्कीम तुमच्या साध्या तुलनेला सापडत नाही आणि ब्राउझरमध्ये मात्र चालते.

यानंतर कोड परत आला तो यादीशी होणाऱ्या तुलनेसाठी. जुन्या कोडमध्ये होस्ट ‘आपली.कॉम’ने संपतो का एवढंच पाहिलेलं. ‘नकलीआपली.कॉम’सुद्धा त्यानेच संपतो. होस्ट तंतोतंत सारखा हवा किंवा ‘.आपली.कॉम’ने, म्हणजे सुरुवातीच्या टिंबासकट, संपायला हवा. तुलनेआधी होस्ट लोअरकेसमध्ये आणा (पाथला हात लावू नका, तिथे लहान-मोठ्या अक्षरांनी पान बदलू शकतं) आणि शेवटी एखादं टिंब असेल तर काढा. ‘आपली.कॉम.’ हे डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या, दृष्टीने पूर्ण वैध नाव आहे.

पुढे मागणी आली की यादीबाहेरच्या साइटसाठीही कार्ड हवं, फक्त अंतर्गत पत्ते सोडून. इथे होस्टकडे स्ट्रिंग म्हणून पाहून भागत नाही. १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) अडवलं तर तोच पत्ता २१३०७०६४३३ असा एका दशमान आकड्यात लिहिता येतो, ऑक्टलमध्ये ०१७७०००००००१ असा लिहिता येतो, हेक्समध्येही लिहिता येतो, आणि ब्राउझर या सगळ्यांचं १२७.०.०.१ करून घेतो. त्याच अर्थाचा, आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीतला [::१] वेगळाच. क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ विसरू नका, तिथे मशीनची गोपनीय माहिती मिळू शकते. शिवाय साधं दिसणारं नावसुद्धा डीएनएसमध्ये अंतर्गत आयपीकडे वळवलेलं असू शकतं, आणि तपासताना एक उत्तर, उघडताना दुसरं असंही करता येतं. म्हणून शेवटची तपासणी जोडणी होताना, प्रत्यक्ष आयपीवर व्हायला हवी. आम्ही हेडलेस ब्राउझरची सगळी वाहतूक एका प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, नेली आणि तो निर्णय प्रॉक्सीवर सोपवला. रिडायरेक्ट झाले, म्हणजे साइटने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं, की प्रत्येक टप्प्यावर तीच तपासणी पुन्हा.

देवनागरी होस्ट हा भाग मी स्वतः हट्टाने टेस्टमध्ये घातला, तपासणीवाल्यांनी तो विचारलाही नव्हता. अशी नावं डीएनएसमध्ये प्युनीकोडच्या, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन वापरणाऱ्या, रूपात जातात, प्रत्येक देवनागरी लेबल (नावातला दोन टिंबांमधला तुकडा) ‘एक्सएन--’ने सुरू होतं, आणि लेबलची ६३ अक्षरांची मर्यादा त्या रूपांतरित लेबलला लागते. यादीतली नावंही त्याच रूपात साठवा. पायथनसोबत येणारं आयडीएनए रूपांतर (इतर लिप्यांतली नावं या रूपात नेणारं) २००३ च्या जुन्या नियमांचं आहे आणि ते अदृश्य जोडणारं चिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, गाळून टाकतं. ते चिन्ह वापरून टाइप केलेलं ‘दर्‍या’ त्यामुळे ‘दर्या’ होतं: डोंगरात निघालेला माणूस समुद्रावर पोचतो. नव्या नियमांत हलन्तानंतरचं हे चिन्ह टिकतं आणि ब्राउझरही ते टिकवतात. पुन्हा तेच, दोन पार्सर आणि दोन होस्ट. आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांनी ही टेस्ट घातलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं घातल्यावर कोड मान्य झाला. त्या फंक्शनपेक्षा त्याची टेस्टची फाइल आता कितीतरी लांब आहे आणि मला त्या फाइलचाच जास्त अभिमान आहे.

मधे राहून गेलेल्या काही गोष्टी. टक्का-कोडिंग (चिन्हांऐवजी लिहिलेली %२३ सारखी रूपं) उलगडायचं ते तुकडे पाडल्यानंतर, आधी कधीच नाही. आधी उलगडलं तर %२३ चा # होतो आणि क्वेरीचा उरलेला भाग फ्रॅगमेंटमध्ये जातो. उलगडायचं एकदाच, दोनदा उलगडलं की %२५२३ चाही # होतो. क्वेरीत + म्हणजे फॉर्मच्या पद्धतीत स्पेस, पाथमध्ये + म्हणजे +. क्वेरीत एकच नाव दोनदा येऊ शकतं, तेव्हा लायब्ररी पहिलं देते, शेवटचं देते की दोन्ही, ते पाहून घ्या. जावास्क्रिप्टमध्ये ‘होस्ट’मध्ये पोर्ट धरलेला असतो, ‘होस्टनेम’मध्ये नसतो, एचटीटीपीएसला ४४३ लिहिला असेल तर पोर्ट रिकामी स्ट्रिंग येतो, त्याला चूक समजू नका. सबडोमेन सोडून मुख्य डोमेन हवं असेल तर शेवटची दोन लेबलं घेऊन चालत नाही, ‘को.यूके’सारखे शेवट असतात. त्यासाठी मोझिलाने सुरू केलेली पब्लिक सफिक्स लिस्ट आहे, ती वापरा आणि वेळोवेळी ताजी करा. पार्स करण्याआधी स्ट्रिंगच्या लांबीला मर्यादा घाला.

आणि लॉगिननंतर परत कुठे न्यायचं तो पत्ता तुम्ही क्वेरीतून घेत असाल, तर ‘तो / ने सुरू होतो, म्हणजे आपल्याच साइटचा’ अशी तपासणी आजच शोधून काढा. ‘//लबाड.कॉम’ हाही / नेच सुरू होतो आणि ब्राउझर त्याला वेगळा होस्ट मानतो. ‘/\लबाड.कॉम’चंही तेच. आपल्या साइटचा पत्ता आधार धरून लायब्ररीकडून पूर्ण यूआरएल बनवून घ्या, आणि तयार झालेल्या यूआरएलची स्कीम, होस्ट आणि पोर्ट आपल्याशी जुळतात का ते पाहा.