माझा अनुभव: पत्ता नोव्हायचा, पण शाळा कुठली?

नवऱ्याला पुण्याहून मिशिगनला पाठवलं तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, घर नोव्हायमध्येच बघा, शाळा चांगल्या आहेत. डेट्रॉईटच्या वायव्येला असलेलं हे शहर, वस्ती साधारण 66 हजार, भारतीय आणि जपानी फॅमिलीज भरपूर. पण यात एक गोम आहे. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि त्या त्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट. नोव्हाय शहर आणि नोव्हाय स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्या हद्दी एक नाहीत! शहराचा काही भाग वॉल्ड लेक डिस्ट्रिक्टमध्ये, काही नॉर्थव्हिलमध्ये, काही साउथ लायनमध्ये. म्हणजे टपाल नोव्हायच्या पत्त्यावर येणार आणि पोरं दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या बसमध्ये बसणार. आम्हाला आवडलेल्या अपार्टमेंटच्या ऑफिसमधली बाई "येस येस, नोव्हाय स्कूल्स" म्हणत होती, पण ओळखीच्या एका ताईंनी आधी डिस्ट्रिक्टला फोन करून तो पत्ता विचारायला लावला, तर निघालं वॉल्ड लेक. त्या शाळा वाईट आहेत असं अजिबात नाही हां, आणि नॉर्थव्हिलच्या मागे तर लोक लागलेले असतात, पण लीजवर (भाडेकरारावर) सही करायच्या आधी आपल्याला कळायला नको का? मग जरा जुनं पण नोव्हाय डिस्ट्रिक्टच्या हद्दीतलं घर भाड्याने घेतलं.

शाळेच्या अॅडमिशनचे फॉर्म ऑनलाईन भरले. जन्मदाखला (महापालिकेचा मराठी-इंग्रजी दोन्ही असतो त्यामुळे भाषांतराची कटकट नाही), आमचे पासपोर्ट, लीज, लाईटचं बिल. फी शून्य. मुलीचं पुण्यात सिनियर केजी झालेलं आणि ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होणार, म्हणजे तिकडे ती पहिलीत बसली असती. इथे 1 सप्टेंबरला पाच पूर्ण असले की किंडरगार्टन, त्यामुळे ही परत केजीत! सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं पण नापास कशी केली?" त्यांना समजावताना जेवढा वेळ गेला तेवढा अॅडमिशनला नाही गेला.

खरी मारामारी झाली लसींवर. आपल्या डॉक्टरांच्या फाईलमध्ये तारखा आधी दिवस मग महिना अशा, इकडे उलटं. 5/8 म्हणजे आपली पाच ऑगस्ट, ती नर्सने वाचली आठ मे. त्यात नवव्या महिन्यात दिलेला एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) इथे धरत नाहीत, पहिला वाढदिवस झाल्यानंतरचेच डोस मोजतात. सुदैवाने नंतरचे दोन होते. कांजिण्यांचा मात्र एकच डोस झालेला आणि इथे दोन लागतात. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर महिन्यांची नावं अक्षरात लिहून घेतली, व्हॉट्सअॅपवर मागवली आणि राहिलेली लस इथे टोचून घेतली. डोळे आणि कान तपासल्याचा कागदही लागतो, ते काऊंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) हेल्थ डिपार्टमेंटकडे फुकट होतं, खासगी डॉक्टरकडे पैसे घालवू नका.

अजून एक फॉर्म असतो, घरी कुठली भाषा बोलता. काहीजण सांगतात की इंग्लिश लिहा, नाहीतर पोरीला वेगळं बसवतील. मी सरळ मराठी लिहिलं. मग तिची इंग्लिश बोलण्या-ऐकण्याची छोटी टेस्ट झाली आणि थोडे दिवस एक टीचर तिला तीन-चार मुलांच्या ग्रुपमध्ये घेऊन बसायच्या, त्यात दोन जपानी मुली होत्या. वेगळं वगैरे काही नाही, बाकी वेळ वर्गातच. पुण्यात याच गोष्टीसाठी क्लास लावून पैसे भरले असते आपण.

पुढचं सगळं ठरलेलं आहे, चौथीपर्यंत घराजवळची एलिमेंटरी, पाचवी-सहावीला डिस्ट्रिक्टमधली सगळी मुलं एकत्र नोव्हाय मेडोजला, सातवी-आठवी मिडल स्कूल आणि मग एकच हायस्कूल. तिथे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आहे, रोबोटिक्सची फ्रॉग फोर्स नावाची टीम आहे, शेजारचा दादा त्यातच असतो आणि त्यांचा सीझन आला की घरी फक्त जेवायला येतो असं त्याची आई म्हणते. जेवणावरून आठवलं, 2023-24 पासून मिशिगनच्या सरकारी शाळांत ब्रेकफास्ट आणि लंच सगळ्यांना फुकट आहे. व्हेजवाल्यांच्या नशिबी बहुतेक चीज पिझ्झा, त्यामुळे आमचा पोळीचा रोल डब्यातून जातोच.

आणि हो, ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी काऊंट डे असतो. त्या दिवशीच्या पटावर शाळेला राज्याकडून किती पैसे मिळणार ते बऱ्यापैकी ठरतं, कारण 1994 पासून इथे शाळांचा रोजचा खर्च मुख्यतः राज्य दर मुलामागे देतं. नेमकी त्याच आठवड्यात दसऱ्याची किंवा भारतात जायची सुट्टी टाकत असाल तर बुधवार सोडून टाका, शाळावाले आधीपासून मेल करून मागे लागतात.