जांभळी नांगी दिसली म्हणून लगेच नाव सांगू नका

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने फोटो पाठवला, शंखातून अर्धा बाहेर आलेला हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा), डावी नांगी मस्त जांभळी, आणि खाली एवढंच की हा कुठला सांग ना. मी दोन मिनिटांत सीनोबिटा क्लिपिएटस लिहून मोकळी झाले, कारण कॅरिबियनमधली ही प्रजात पाळणाऱ्यांमध्ये पर्पल पिंचर म्हणूनच ओळखली जाते. रात्री तोच फोटो झूम करून बघत बसले तेव्हा खटकायला लागलं. नांगी अगदी गुळगुळीत, फुगीर, पॉलिश केल्यासारखी, आणि पायसुद्धा त्याच जांभळट तपकिरी रंगात. क्लिपिएटसचे पाय बहुतेक वेळा नारिंगी किंवा तांबूस असतात, अंगावर बारीक दाणे आणि केस असतात, त्यामुळे जांभळी नांगी वेगळी उठून दिसते. हा होता सीनोबिटाचीच दुसरी प्रजात ब्रेव्हिमॅनस, इंडो-पॅसिफिकमधला (हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या पट्ट्यातला), म्हणजे मी त्याला चुकीच्या महासागरात नेऊन ठेवला होता! सकाळी उठून आधी तिला तसं कळवलं.

तेव्हापासून मी रंग सगळ्यात शेवटी बघायचं ठरवलंय.

आधी बघायचं की मोठी नांगी कुठल्या बाजूची. सीनोबिटा, म्हणजे जमिनीवर राहणारे, यांची डावी मोठी असते. समुद्रातल्या डार्डॅनसचीही डावीच मोठी, क्लिबॅनेरियसच्या दोन्ही साधारण सारख्या, आणि पॅग्युरिडी कुळात उजवी मोठी. फोटो आरशासारखा उलटा झालेला नाही ना हे पण तपासा, सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल तर डाव्याचं उजवं होऊ शकतं. मग मिशा. जमिनीवरच्यांना लांब मिशांच्या जोडीशिवाय आत अजून एक जोडी असते, कोपरात वाकलेली, टोकाला बोथट, आणि ती सारखी हलत असते कारण हवेतला वास ते तिनेच घेतात, समुद्रातल्यांमध्ये ही जोडी बरीच आखूड असते.

मग डोळे, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. क्लिपिएटस आणि ब्रेव्हिमॅनस दोघांचेही डोळ्यांचे देठ गोलसर, नळीसारखे. सीनोबिटाच्याच रुगोसस, कॅव्हिपेस, आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा कॉम्प्रेसस यांचे देठ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, डोळा लांबट. कॉम्प्रेसस या नावाचा अर्थच दाबलेला. म्हणून फोटो समोरून आणि बाजूने असे दोन्ही मागवते, नुसत्या वरून काढलेल्या फोटोत देठ गोल की चपटा काही कळत नाही.

डोळे चपटे निघाले की मोठ्या नांगीच्या बाहेरच्या बाजूला वरच्या भागात टाके शोधा. टाके म्हणजे कापडाला तिरकी शिवण घातल्यासारखी छोट्या उंचवट्यांची ओळ. रुगोससला ती असते, कॅव्हिपेसला नसते, आणि क्लिपिएटस-ब्रेव्हिमॅनसच्या नांगीवरही नसते. रुगोसस रंगाच्या बाबतीत फारच गोंधळात टाकतो, करडा, फिकट गुलाबी, निळसर, जवळजवळ काळा, सगळ्या छटांचा मिळतो, त्यामुळे टाके दिसले की जीव भांड्यात पडतो.

रंगावर भरवसा का नाही याचं कारण शरीरातच आहे. लाल-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड्स नावाच्या रंगद्रव्यांमधून येतो आणि ते खेकडा स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातून मिळवतो, आणि तेच द्रव्य प्रथिनाला जोडलं गेलं की निळं-जांभळं दिसायला लागतं. म्हणजे खाणं बदललं, कात टाकली की छटा बदलू शकते. सीनोबिटातलाच पर्लाटस, ज्याला स्ट्रॉबेरी म्हणतात, तो मोठा झाल्यावर लालभडक आणि वर पांढरे दाणे, पण लहानपणी पांढुरका असतो, अशा पिल्लाला फक्त रंगावरून ओळखायला गेलात तर फसणारच. रुगोसस आणि पर्लाटस दोन्ही नावं फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी 1837 मध्ये दिली, आणि बाटलीत ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो, रचना मात्र राहते, म्हणून शास्त्रज्ञ दाणे, देठ, पायांचे सांधे यांच्यावर इतका भर देतात.

समुद्रातल्यांचं मात्र वेगळं आहे, तिथे रंगाचे पट्टे खरंच कामाला येतात. कॅल्सिनस एलेगन्सच्या पायांवर निळे-काळे पट्टे, डार्डॅनस मेगिस्टस लाल आणि त्यावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके, सिलिओपॅग्युरस स्ट्रिगॅटस तर लाल-पिवळ्या पट्ट्यांचा आणि अंगाने चपटा, कारण तो कोन शंखाच्या अरुंद तोंडात राहतो. हे सहसा चुकत नाहीत.

ठिकाण विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर ब्रेव्हिमॅनस, पर्लाटस आणि रुगोसस तिघंही सापडतात.

आणि एक कळकळीची विनंती, ओळखण्यासाठी त्याला शंखातून ओढू नका. नर-मादी कळायला पायांच्या मुळाशी बघावं लागतं हे खरं, मादीची छिद्रं (नांग्या धरून मोजलं तर) पायांच्या तिसऱ्या जोडीशी असतात, पण मऊ पोट आत वळवून, शेपटीच्या आकड्यांनी आणि मागच्या छोट्या पायांनी तो शंखाला इतका घट्ट धरून असतो की अंग फाटलं तरी सोडत नाही. हात लावू नका, जमिनीला टेकून शांत बसा, थोड्या वेळाने आधी मिशा बाहेर येतात आणि मग डोळे, फोटो तेव्हा काढा.