फक्कीचे वर्तुळ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र शाळेकडून आले आणि तेव्हापासून भौतिकशास्त्राच्या सरांचा एकच तास डोळ्यांपुढून हलत नाही.

गड्ड्याची यात्रा आटोपून बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले होते. डायपोलच्या, म्हणजे सारख्याच मूल्याच्या एका धन व एका ऋण प्रभाराच्या जोडीच्या, मध्यातून अक्षाला (दोन प्रभारांना जोडणाऱ्या रेषेला) लंब जाणाऱ्या रेषेवर विभव (एकक प्रभारामागची विद्युत ऊर्जा) शून्य असते, म्हणून तेथे क्षेत्रही (एकक धनप्रभारावरचे बळ) शून्यच असणार, असे मी भर वर्गात ठामपणे सांगितले. सरांनी शिपाईमामांकडून फक्की मागवली आणि सगळ्या तुकडीला मैदानावर नेले. वीतभर अंतरावर दोन दगड ठेवले, एक धन व एक ऋण, आणि त्यांच्याभोवती पंधरा पावले त्रिज्येचे वर्तुळ आखून आम्हांला त्यावर उभे केले. "तुम्ही प्रत्येक जण एकक धनप्रभार. जिकडे ढकलले जाल तिकडे हात करा," एवढेच ते म्हणाले.

मी कडुनिंबाच्या बाजूला, नेमका लंब रेषेवर होतो. धन दगड मला दूर लोटत होता, ऋण दगड तेवढ्याच बळाने ओढत होता. त्यांचे माझ्या रेषेवरचे घटक एकमेकांना खोडत होते, पण अक्षाला समांतर घटकांची बेरीज होत होती. माझा हात धनाकडून ऋणाकडे वळला. धन टोकापुढे अक्षावर उभ्या असलेल्या मित्राचा हात बरोबर उलट दिशेला होता आणि त्याच्या जागी क्षेत्र माझ्या दुप्पट होते. अक्षापासून सुमारे 55 अंशांवरच्या मुलाचा हात अक्षाला काटकोनात आला. पाव वर्तुळ चालताना हात अर्धा फेरा वळतो, हे त्या दिवशी सूत्राआधी दिसले. त्रिज्या दुप्पट केली तर सर्वांचेच क्षेत्र एक अष्टमांश होईल, हेही सरांनी तेथेच वदवून घेतले.

परतताना ते मला म्हणाले, "विभव शून्य हे तुझे बरोबरच होते. पण क्षेत्र विभवाच्या किमतीत नसते, विभव जागेगणिक कसे बदलते त्यात असते." चूक काढण्यापूर्वी बरोबर काय होते ते सांगणारे शिक्षक मला पुढे फार भेटले नाहीत.

आज मी अभियांत्रिकीच्या मुलांना हाच विषय शिकवतो आणि क्षेत्राच्या सूत्रातले वर्गमुळाखालचे 'एक अधिक तीन कोज्यावर्ग' फळ्यावर लिहिण्याआधी त्यांना मैदानावर नेतो. आपल्या मैदानाच्या त्या कोपऱ्यावर आता फरशा बसल्या आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कडुनिंब मात्र आहे. गेल्या दिवाळीत त्याला पाठ टेकून उभा राहिलो, तेव्हा सरांनी दगड कोठे ठेवले होते ते मला अचूक दाखवता आले असते.