तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस हजारात चांगला कॅमेरा मिळतो का?

घरातल्या कार्यात माझ्या गळ्यात कॅमेरा दिसला की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, आणि हल्ली मेसेजही येतात, की दादा, मुलीला फोटोग्राफीची आवड आहे, बजेट पंचवीस हजार, कोणता घेऊ? तर मिळतो. पण नवा नाही, सेकंड हँड, आणि सगळे पैसे बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, घालायचे नाहीत, त्यातले आठ-दहा हजार एका चांगल्या लेन्ससाठी आधीच बाजूला काढून ठेवायचे.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, गावच्या घरी, माजघरात. एक ट्यूब, ती पण कोपऱ्यात. ८१ दिव्यांचं तबक घेऊन बायका औक्षण करत होत्या आणि माझ्या हातात निकॉनचा डी३३००, त्याच्यासोबतच आलेली १८ ते ५५ एमएम झूमची साधी लेन्स (किट लेन्स) लावलेली. ही लेन्स ५५ वर झूम केली की एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), म्हणजे उजेड आत येणार किती, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चढवून चढवूनही शटर १/१५ सेकंदावर आलं आणि बाबांचा चेहरा, तबक, आईचा हात, सगळं हललेलं. मग फ्लॅश मारला तर चेहरे पांढरेफटक आणि दिव्यांचा तो पिवळा उजेड कुठल्या कुठे गेला. त्या दिवसाचा एकही फोटो फ्रेम करण्यासारखा नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच बॉडीवर नंतर ५० एमएम एफ १.८ ची लेन्स लावली. ५.६ आणि १.८ यात फरक लहान दिसतो पण आत येणारा उजेड जवळजवळ दहापट होतो, म्हणजे जिथे १/१५ मिळत होतं तिथे १/१५० मिळतं, आणि माणूस हलला तरी फोटो हलत नाही. भाचीच्या बारशाला तेच माजघर, तीच ट्यूब, पण पाळण्याच्या दोरीचे पीळसुद्धा मोजता येतात असे फोटो आले. बॉडी तीच होती हो!

आता एक बारीक गोष्ट. घरातल्या खोल्यांसाठी ५० जरा लांब पडते, भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं. निकॉन घेणार असाल तर ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (निकॉनच्या अशा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) जास्त उपयोगाची. कॅननवाल्यांना त्यांची ५० एमएमची एसटीएम नावाची लेन्स स्वस्तात मिळते, एकट्यादुकट्याच्या चेहऱ्याला ती फार सुंदर.

आणि इथे एक खड्डा आहे ज्यात बरेच जण पडतात. निकॉनच्या डी३३००, डी३५००, डी५३०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. दुकानदार स्वस्तात जुनी ५० एफ १.८ डी दाखवतो, काच चांगलीच असते, पण या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही, हातानं रिंग फिरवत बसायचं, लहान मूल काय तोवर थांबतंय! लेन्सवर एएफ-एस लिहिलंय का बघा, म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे. डी९० किंवा डी७००० घेतलात तर बॉडीत मोटर आहे, मग जुन्या डी लेन्सही चालतात.

मेगापिक्सेलचं विचारतात सगळे. डी३३०० हा २०१४ चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० चा, ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, २० बाय १३ इंचाचा प्रिंट सहज निघतो. घरात याहून मोठा लावणार कुठे?

आणि ते ६० एक्स झूमवाले कॅमेरे. भिगवणला सकाळच्या स्वच्छ उन्हात फ्लेमिंगो टिपायचे असतील तर मी त्यांना नावं ठेवणार नाही, एवढ्या पैशात इतकं लांबचं दुसरं काही देत नाही. पण त्यातला सेन्सर, म्हणजे उजेड पकडणारी चकती, साधारण ६ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो आणि डी३३०० चा २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळ तेरापट. मोठा सेन्सर जास्त उजेड पकडतो, म्हणून देवळाच्या गाभाऱ्यात शिरलात की हा फरक लगेच दिसतो. आणि फोटो फक्त व्हॉट्सॲपवरच जाणार असतील तर सरळ सांगतो, तुमचा मोबाईल पुरेसा आहे, पैसे वाचवा.

सेकंड हँड बघायला जाताना, मग ते मुंबईत बोरा बाजारला असो की ओळखीतल्या कोणाच्या घरी, खिशात मेमरी कार्ड आणि एक छोटी टॉर्च न्या. लेन्स काढून एका बाजूनं टॉर्च मारायची आणि दुसऱ्या बाजूनं आरपार बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फंगस, मग कितीही स्वस्त असली तरी नको. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढून झूम करा, सेन्सरवरचे डाग दिसतात. निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो, वीस-तीस हजार असेल तर निवांत घ्या. बिलावरचा आणि बॉडीखालचा नंबर जुळवा. बाकी रबर थोडं सुटलंय, कोपरा घासलाय, याच्याकडे दुर्लक्ष करा, उलट त्यावर भाव पाडून मागा.

फंगसवर मी एवढं बोलतोय कारण आम्ही चिपळूणचे. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लेन्सची काय कथा. माझी ५५-२०० ची लेन्स एका पावसाळ्यात चामडी बॅगेत, कपाटात बंद राहिली आणि गणपतीत काढली तर आत जाळं. साफ करायचे पैसे तिच्या निम्म्या किमतीएवढे सांगितले, शेवटी नाहीच केली. तेव्हापासून कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या आणि दमटपणा दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. गोळ्या गुलाबी झाल्या की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत गरम करायच्या, ती कढई परत स्वयंपाकाला घ्यायची नाही. आज सकाळीच मीटर ५८ दाखवत होतं, गोळ्या पार गुलाबी, हे लिहितोय तोवर त्या कढईत परत निळ्या होतायत.