डुरंडचं स्टेशन

मी भुसावळचा, बाबा लोको शेडला होते, त्यामुळे स्टेशन म्हटलं की गर्दी, केळी आणि रात्री अडीचलाही फिरणारा चहावाला. मागच्या रविवारी अमेरिकेत मिशिगन राज्यातलं डुरंड बघून आलो, फ्लिंट शहराजवळ आहे. वस्ती साडेतीन हजाराच्या आसपास, आपल्याकडे याला कोणी शहर म्हणणार नाही, पण इथे ऑफिशियली सिटी आहे. आणि स्टेशन? २३९ फूट लांब, स्लेटचं छप्पर, कोपऱ्यांवर टोकदार बुरुज, गावात एखादा वाडा उगाच मोठा बांधून ठेवावा तसं!

पण उगाच नाही, कारण ग्रँड ट्रंक वेस्टर्न आणि ॲन आर्बर रेलरोड या तेव्हाच्या दोन रेल्वे कंपन्यांच्या लाईनी इथेच एकमेकींना छेदायच्या आणि बरोबर त्या कोपऱ्यात हे बांधलंय. भरभराटीच्या काळात रोज ४२ पॅसेंजर गाड्या यायच्या, मालगाड्या वेगळ्याच. बांधलं १९०३ ला, १९०५ च्या एप्रिलमध्ये जळालं आणि साधारण सहा महिन्यांत होतं तसंच परत उभं केलं. सहा महिन्यांत! आमच्या कॉलनीतला पाण्याचा पाईप आठवला.

मग लोक मोटारीने फिरायला लागले, गाड्या कमी झाल्या, १९७४ ला रेल्वेने बिल्डिंगच बंद केली. पाडायचं ठरत आलं होतं, पण गावकरी अडून बसले आणि १९७९ ला सिटीने ती विकत घेतली, किंमत १ डॉलर. खरं सांगायचं तर डॉलर वगैरे नावाला, पुढचा दुरुस्तीचा खर्च बघितला तर ते लग्नात हुंडा न घेता नुसता नारळ घेतल्यासारखं आहे, खरा खर्च नंतरच. आता आत रेल्वेच्या इतिहासाचं म्युझियम आहे, आणि ॲमट्रॅक या अमेरिकन प्रवासी रेल्वे कंपनीची ब्लू वॉटर नावाची गाडी दिवसातून एकदा शिकागोकडे जाते, एकदा तिकडून येते, बास.

मला आवडलं ते मात्र बाहेरचं डायमंड क्रॉसिंग, म्हणजे दोन लाईनींचे रूळ एकमेकांना फुलीसारखे छेदतात ती जागा. बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि तेवढ्यात लांबलचक मालगाडी आली, चाकं त्या फुलीवरून जाताना काय खडाखडा आवाज! बाबा म्हणाले, बोलू नको, डबे मोज. मी शंभराच्या पुढे कुठेतरी चुकलो. बाबा स्क्रीनवरून मोजत होते, त्यांचा आकडा माझ्यापेक्षा ९ ने जास्त आला आणि अजून ते माझ्यावर वैतागलेले आहेत.