नावे ठेवता ठेवता : आमची वाटचाल

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात आम्ही पाकिटे आणि लेबले छापण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मालाला नाव सुचवणे हे आमच्या कामात नव्हते. परंतु मसाला, गूळ किंवा चपला घेऊन येणारे बहुतेक प्रत्येक गिऱ्हाईक ‘कोल्हापुरी’ नाहीतर ‘महालक्ष्मी’ या शब्दांपाशी अडत असे, आणि मजकूर जुळवता जुळवता नाव शोधणेही आमच्याच गळ्यात पडले. केवळ मालाचा गुण अथवा उगमस्थान सांगणाऱ्या शब्दाला १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार सहसा नोंदणी मिळत नाही, आणि ‘कोल्हापुरी चप्पल’ हे तर महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांचे सामाईक भौगोलिक मानांकन आहे. एवढे पटवून देण्यातच पुष्कळ चहा संपला.

आरंभी आम्ही मळलेल्या वाटेनेच गेलो. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीचे ‘विको’ झाले तशी आद्याक्षरे जोडायची, किंवा ‘निरुपमा’मधून ‘निरमा’ निघाले तशी काटछाट करायची. आणंद मिल्क युनियन लिमिटेडची आद्याक्षरे जुळून वर ‘अमूल्य’ची आठवण देणारे ‘अमूल’ हाती यावे, हे भाग्य मात्र आमच्या वाट्याला आले नाही.

नादाकडे लक्ष गेले ते एका कांदा-लसूण मसाल्यामुळे. त्याला आम्ही मोठ्या हौसेने ‘झळ’ हे नाव दिले. मराठीतील दंततालव्य झ (‘झाड’मधला) आणि ळ हे दोन्ही उच्चार प्रमाण हिंदीत नाहीत, ही गोष्ट माल कानपूरला पोहोचेपर्यंत आमच्या ध्यानातच आली नाही. तेथील दुकानदाराने झ ‘झील’मधल्यासारखा उच्चारला, ळचा ल केला आणि तिखटपणा नावातून पार निघून गेला. छापलेली पाकिटे स्वखर्चाने बदलून द्यावी लागली, त्यामुळे झळ बसली ती आम्हालाच.

तेव्हापासून प्रत्येक नाव फोनवर एकदाच सांगून समोरच्याला लिहायला लावतो. ‘टाकेटे’ हा शब्द टोकदार आकृतीला आणि ‘मालुमा’ गोलाकार आकृतीला बहुतेक लोक जोडतात, हे मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांचे निरीक्षण वाचल्यापासून चटणीसाठी ट-क आणि गुळासाठी म-ल आधी चाचपून पाहतो. अर्थात ‘भडंग’ हा शब्द ऐकायला जडच, तरी आपल्याला तो कुरकुरीत वाटतो. तेथे नादापेक्षा सवय मोठी.

त्या मसाल्यासाठी पुढे सुचलेला ‘ठसका’ फोनच्या कसोटीला उतरला, पण नोंदणीपूर्व शोधात मिळतीजुळती नावे आढळल्याने सोडावा लागला. आता १८८८च्या ‘कोडॅक’प्रमाणे मुळात काहीच अर्थ नसलेले एक नाव घडवले आहे, आणि कानपूरच्या त्याच दुकानदाराने ते पहिल्याच खेपेस बिनचूक लिहून घेतले.